हॅलो, माझा आवाज येतोय का?

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला पहिला इंटरव्ह्यू अकरा मिनिटं चालला आणि त्यात माझा एक शब्दही कुणी ऐकला नाही. म्हणजे मी बोलत होतो हो! नाव सांगितलं, गाव सांगितलं, प्रोजेक्ट सांगितला. पण पलीकडच्या दोघांना फक्त माझे हलणारे ओठ दिसत होते. "यू आर नॉट ऑडिबल" असं तीनदा झालं, मग "वी विल गेट बॅक टू यू" झालं आणि स्क्रीन काळी झाली. ते काही परत आले नाहीत. ती इंटर्नशिप कुणाला मिळाली ते मला ठाऊक आहे. तो माझ्यापेक्षा हुशार आहे की नाही हे मात्र कधीच कळणार नाही, कारण माझी परीक्षा झालीच नाही.

म्हणून हा लेख. विषय अगदीच क्षुल्लक वाटेल : हेडसेट लावला, पण कॉम्प्युटरला माइक सापडत नाही. पण साहेब, क्षुल्लक बिघाड आदल्या रात्री कळला तर क्षुल्लक. इंटरव्ह्यू सुरू झाल्यावर कळला तर नाही.

तज्ज्ञांची फौज

यंदा तीच पाळी माझ्या रूम पार्टनरवर आली. इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. पार्टनरकडे लॅपटॉप नाही. त्याच्या दादाने जोडून दिलेला डेस्कटॉप आहे, जो त्याने एसटीतून मांडीवर धरून आणला होता. कोडिंग करून दाखवायचं असल्यामुळे मोबाइलवर भागणार नव्हतं. माझा लॅपटॉप चहा प्यायल्यामुळे दुरुस्तीला गेलेला, आणि बाकीच्यांना त्याच दिवशी स्वतःचे इंटरव्ह्यू. रात्री आठ वाजता त्याने मोबाइलचा हेडसेट कॉम्प्युटरला लावला. गाणी ऐकू आली, पण माइकचा पत्ता नाही.

हॉस्टेलमध्ये असं काही झालं की पाच मिनिटांत तज्ज्ञ जमतात. मेकॅनिकलवाला म्हणाला, "पिन शर्टाला पूस आणि गोल फिरव." कॉम्प्युटरवाला म्हणाला, "ड्रायव्हर उडव, परत टाक." सिव्हिलवाला दारातूनच म्हणाला, "अरे फॉरमॅट मार ना भावा, विंडोज नवीन टाक." हा सल्ला आपल्याकडे सर्व रोगांवर चालतो. साडेदहापर्यंत विंडोजचा पेन ड्राइव्ह आलाही होता. ज्या डेस्कटॉपवर पार्टनरचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता, तोच पुसायला आम्ही निघालो होतो!

मी तो पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवला. माझ्या वेळी नेमकं काय बिघडलं होतं ते मला नंतर कळलं होतं (ते पुढे सांगतो), आणि फॉरमॅट मारूनही ते सुधारलं नसतं.

पाच बटणं आणि एक दिवा

आवाज तोंडातून निघून पलीकडच्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत पाच नाके लागतात : हेडसेट, त्याची पिन, कॉम्प्युटरचा जॅक, विंडोज आणि शेवटी ज्या प्रोग्रामातून आपण बोलतो तो. हे पाचही सिरीजमध्ये आहेत. फर्स्ट इयरचं बेसिक इलेक्ट्रिकल आठवा : एका तारेवर पाच बटणं, टोकाला एक दिवा.

आता आपण काय करतो? एक बटण दाबून बघतो. दिवा लागला नाही की "हे नव्हतं" म्हणून ते परत बंद करतो आणि पुढच्याकडे जातो. एकच बटण बंद असेल तर ही पद्धत चालते. पण समजा तीन बंद आहेत. मग एक-एक दाबून परत बंद करत रात्रभर बसलात तरी दिवा लागणार नाही. उलट, खरी बिघडलेली तीनही बटणं तुम्ही "हे नव्हतं" म्हणून बाद केलेली असतील! मग शेवटी राहतो तो फॉरमॅट.

यावर उपाय आपल्याला लॅबमध्ये रोज शिकवतात. टोकाचा दिवा बघत बसायचं नाही, मध्ये जागोजागी मोजायचं. प्रत्येक नाक्याची स्वतंत्र परीक्षा घ्यायची, आणि जो पास झाला त्याला परत हात लावायचा नाही.

पहिला नाका : हेडसेट

हेडसेट मोबाइलला लावा, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि हेडसेटच्या माइकवर नखाने टिचकी मारा. मग मोबाइलच्या खालच्या कडेला टिचकी मारा. नंतर ऐका. पहिली टिचकी मोठी आणि दुसरी बारीक आली तर हेडसेट पास. नुसतं बोलून बघू नका, कारण बऱ्याचदा मोबाइलचा स्वतःचाच माइक आपलं ऐकत असतो आणि आपण हेडसेटला शाबासकी देतो. (मोबाइलला गोल जॅकच नसेल तर शेजारच्या खोलीतला जुना मोबाइल शोधा.)

इथे थोडं आतलं सांगतो. या छोट्या माइकला इलेक्ट्रेट माइक म्हणतात. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तो तयार केला. आत एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि विद्युतभार कायमचा साठवून ठेवणारा एक थर. आवाजाने पडदा हलला की कपॅसिटन्स बदलतो, आणि तो अगदी दुबळा सिग्नल आतलाच एक छोटा एफईटी पुढे ढकलतो. त्या एफईटीला जगायला थोडा डीसी व्होल्टेज लागतो, आणि तो कॉम्प्युटर माइकच्याच तारेतून पुरवतो. म्हणजे ही तार दोन्ही दिशांनी काम करते : वीज आत, आवाज बाहेर. म्हणूनच नुसतं गाणं ऐकू आलं म्हणून माइक ठीक असेल असं समजू नका. त्याची वाट वेगळी आहे.

हेडसेट नापास झाला तर लॅबमधला मल्टिमीटर घ्या. कानातल्या स्पीकरचा रेझिस्टन्स साधारण १६ किंवा ३२ ओहम येतो. मोबाइलच्या हेडसेटवरचं फोन उचलायचं बटण दाबलं की माइकची तार आणि ग्राउंड एकमेकांना जोडले जातात. म्हणजे बटण दाबल्यावर मीटर जवळजवळ शून्य दाखवत असेल तर बटणापर्यंतची वायर शाबूत आहे. वायर तुटते ती बहुधा पिनेच्या मानेशी, जिथे आपण ती रोज मोडतो. जोडायची असेल तर लक्षात ठेवा, आतल्या रंगीत तारांचा रंग म्हणजे इनॅमल आहे. सोल्डरिंग आयर्नने तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आमच्या विंगमधले निम्मे "दुरुस्त केलेले" हेडसेट इथेच मेलेत.

पार्टनरचा हेडसेट फर्स्ट क्लासमध्ये पास झाला.

दुसरा नाका : पिन

आता पिन हातात घ्या आणि तिच्यावरचे काळे पट्टे मोजा. शब्दशः मोजा. दोन पट्टे असतील तर पिनेचे तीन भाग होतात : टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्या कानाची आणि मागचा भाग ग्राउंड. तीन पट्टे असतील तर चार भाग, आणि चौथा भाग माइकचा. मोबाइलचा हेडसेट असा चार भागांचा असतो.

या चारमध्येही दोन घराणी आहेत. सीटीआयए पद्धतीत सर्वांत मागे माइक आणि त्याच्या पुढे ग्राउंड, तर जुन्या ओएमटीपी पद्धतीत नेमकं उलट. आजचे मोबाइल आणि लॅपटॉप जवळजवळ सगळे सीटीआयए आहेत, पण एखादा जुना हेडसेट दगा देऊ शकतो. ओळखायची खूण मजेशीर आहे : गाण्यातली वाद्यं ऐकू येतात आणि गायक गायब! मग बटण दाबून धरलं की गायक परत येतो. असं झालं तर समजा, घराणं जुळलेलं नाही.

डेस्कटॉपला मात्र सहसा दोन वेगळी भोकं असतात : हिरवं ऐकायला, गुलाबी बोलायला. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' या नियमावलीतून रूढ झाले. दोन्ही भोकं तीन भागांच्या पिनेची. आपला चार भागांचा हेडसेट हिरव्यात घातला तर माइकची तार कुठेच जात नाही. गुलाबीत घातला तर माइक चुकीच्या जागी टेकतो. एका पिनेने दोन भोकांचं काम होणार कसं? म्हणून मध्ये स्प्लिटर लागतो.

आणि इथेच सगळे फसतात. दुकानात 'स्प्लिटर' म्हटलं की तीन दिसायला सारख्या वस्तू मिळतात :

१. एक भोक, दोन पिना. पिनांवर हेडफोन आणि माइकची चित्रं. मोबाइलचा हेडसेट डेस्कटॉपला लावायला हा.
२. दोन भोकं, एक पिन, पिनेवर तीन पट्टे. दोन पिनांचा जुना हेडसेट लॅपटॉपच्या एकाच जॅकला लावायला हा.
३. दोन भोकं, एक पिन, पिनेवर दोन पट्टे. हा दोघांनी मिळून एक गाणं ऐकायला. माइकशी याचा काही संबंध नाही!

पार्टनर सव्वाआठला धावत जाऊन स्प्लिटर घेऊन आला होता. तिसऱ्या प्रकारचा. आम्ही पट्टे मोजेपर्यंत दुकान बंद झालं होतं. मग खालच्या मजल्यावर एका फर्स्ट इयरवाल्याला उठवलं. त्याच्याकडे पहिल्या प्रकारचा निघाला. (भावा, तुझी झोपमोड झाली, सॉरी आणि थँक्स!)

तो लावला. पुढच्या बाजूच्या हिरव्या-गुलाबी भोकांत पिना घातल्या. आणि... काहीच नाही! "बघ, स्प्लिटर नव्हताच प्रॉब्लेम," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि तो काढायला निघाला. हाच तो क्षण. मी म्हटलं, राहू दे. हे बटण आपण बरोबर दाबलंय, पुढचं बंद असेल.

तिसरा नाका : जॅक

'माइक डिटेक्ट होत नाही' याचा अर्थ काय, हे आधी समजून घ्या. जॅकच्या आत पिन शिरल्यावर हलणारा एक छोटा स्विच असतो. तो हलला की साउंडची चिप समजते, काहीतरी आलं. लॅपटॉपच्या एकच भोक असलेल्या जॅकमध्ये ती चौथ्या भागावर माइक आहे का तेही तपासते, आणि नाही वाटलं तर "नुसता हेडफोन आहे" असं ठरवून मोकळी होते. म्हणून लॅपटॉपवर पिन हळूहळू किंवा अर्धवट घालू नका. पूर्ण काढा आणि एका दमात शेवटपर्यंत घाला. मोबाइलचं कव्हर जाड असलं किंवा भोकात कापसाचा बोळा बसला असला तरी पिन अर्धी राहते. टॉर्च मारून बघा.

डेस्कटॉपला पुढची आणि मागची अशी दोन ठिकाणी भोकं असतात. मागची थेट मदरबोर्डवर असतात. पुढची मात्र कॅबिनेटवर असतात आणि आतून एका वायरने मदरबोर्डला जोडावी लागतात. जोडणाऱ्याने ती जोडली नसेल तर पुढची भोकं नुसती शोभेची. म्हणून नियम : पुढे चाललं नाही तर मागे लावून बघा.

आम्ही सीपीयूचं तोंड भिंतीकडे आणि पाठ आमच्याकडे केली. मागच्या गुलाबी भोकात पिन घातली आणि स्क्रीनवर खिडकी उघडली : तुम्ही आत्ता काय लावलंत? आख्ख्या खोलीने आरोळी ठोकली.

(इंटरव्ह्यू झाल्यावर आम्ही मेन स्विच बंद करून, केबल काढून कॅबिनेट उघडलं. 'एचडी ऑडिओ' लिहिलेली वायर रबरबँड लावून कोपऱ्यात ठेवलेली. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अरे हो, ती एक वायर उरली होती!" ती लावताना एक काळजी घ्या. तिची जागा आणि यूएसबीची जागा दोन्हीकडे नऊच पिना असतात, पण गाळलेली दहावी पिन वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, जागा चुकली आहे.)

मधला टेस्ट पॉइंट : हिरवी पट्टी

आता सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, 'एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल' टाइप करून एंटर मारा आणि 'रेकॉर्डिंग' टॅबवर जा. माइकच्या समोर एक उभी पट्टी दिसते. टिचकी मारल्यावर ती हिरवी उसळली तर हेडसेट, पिन आणि जॅक हे तिन्ही नाके एकाच फटक्यात पास. मग त्या वायरीला कुणी हात लावला तर त्याचा हात धरा.

माइक यादीतच नसेल तर रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड' आणि 'शो डिस्कनेक्टेड' या दोन्ही ओळींवर टिक करा. तिथे जे दिसेल ते नीट वाचा. 'नॉट प्लग्ड इन' म्हणजे बिघाड वायरीच्या बाजूला आहे, मागे जा. 'डिसेबल्ड' म्हणजे कुणीतरी बंद केलाय, राइट क्लिक करून 'एनेबल' करा. पट्टी हलते पण अगदीच थोडी, तर प्रॉपर्टीजमध्ये 'लेव्हल्स' बघा. यादीत काहीच नसेल तरच ड्रायव्हरवर संशय घ्या. डिव्हाइस मॅनेजरमधून साउंडचं डिव्हाइस अनइन्स्टॉल करून मशीन रिस्टार्ट करा, किंवा मदरबोर्ड अथवा लॅपटॉप बनवणाऱ्याच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर हा शेवटचा आरोपी, पहिला नव्हे.

आमची पट्टी उसळली. रात्रीचे बारा वाजले होते.

चौथा आणि पाचवा नाका : परवानगी

इतकं होऊनही ट्रायल मीटिंगमध्ये आवाज शून्य! पण आता कुणी घाबरलं नाही. पट्टी उसळतेय म्हणजे आवाज विंडोजपर्यंत आलाय. राहिला फक्त पुढचा रस्ता.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'मायक्रोफोन' (विंडोज १० मध्ये नुसतं 'प्रायव्हसी'). तिथलं मुख्य बटण, ॲप्ससाठीचं आणि सर्वांत खालचं 'डेस्कटॉप ॲप्स'चं, ही तीनही चालू हवीत. ब्राउझर हा डेस्कटॉप ॲपच आहे, आणि ते खालचं बटण सगळे विसरतात. नंतर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला माइकची परवानगी आहे का ते बघा. शेवटी मीटिंगच्या सेटिंगमध्ये योग्य माइक निवडलाय का ते बघा.

पार्टनरने कधीतरी घाईत 'ब्लॉक' दाबलं होतं. ब्राउझर ते विसरला नव्हता.

आणि माझी ती अकरा मिनिटं? लॅपटॉपच्या कीबोर्डवर माइक बंद करायचं एक बटण असतं, त्यावर एक बारीक दिवा. तो दिवा पेटलेला होता. मी अकरा मिनिटं पिन काढत-घालत होतो आणि दिवा माझ्या बोटांपासून चार इंचांवर पेटलेला होता. बऱ्याच हेडसेटच्या वायरीवरही असा सरकता स्विच असतो. सर्वांत आधी तो बघा.

काहीच जमलं नाही तर

यूएसबीचा हेडसेट कुणाकडून तरी मागा. त्याच्या आत स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, त्यामुळे पिन आणि जॅकची भानगड वळसा घालून टाळता येते. ब्लूटूथ चालतं, पण त्याचा माइक चालू होताच बऱ्याचदा ऐकू येणारा आवाज पत्र्यासारखा होतो, कारण तो बोलण्याच्या वेगळ्या मोडवर जातो. तो बिघाड नाही. एवढंच, की चार्जिंग बघून घ्या.

मग पुढे?

रात्री पाऊण वाजता मी मोबाइल घेऊन गॅलरीच्या टोकाला उभा राहिलो. खोलीतून पार्टनर ओरडला, "हॅलो, माझा आवाज येतोय का?" मी म्हटलं, "येतोय!" खालून वॉचमन काका म्हणाले, "इथं पण येतोय, झोपा आता!"

सकाळी त्याचा इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला. सिलेक्शन झालं नाही. संध्याकाळी मेसमध्ये तो म्हणाला, "डीबीएमएस कच्चं आहे रे माझं. तीन प्रश्न त्यावरच गेले." आणि त्याच रात्री तो डीबीएमएस घेऊन बसला. मला त्याचा हेवा वाटला. त्याला नाही म्हणाले ते त्याचं ऐकून घेऊन. त्यामुळे पुढे काय करायचं ते त्याला कळलं. माझ्या अकरा मिनिटांतून मला फक्त एक दिवा कळला.

तेव्हा मित्रांनो, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी, तज्ज्ञ जमायच्या आत, पाच नाके फिरून या. रेक्टर सरांना एक विनंती : ऑफिसात एक यूएसबी हेडसेट आणि पहिल्या प्रकारचे दोन स्प्लिटर ठेवता आले तर हॉस्टेलवर फार उपकार होतील. तोपर्यंत आमच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला एक स्प्लिटर टांगलेला आहे. वही लटकवलीय, नाव लिहा आणि घेऊन जा.

परत मात्र आणून द्या. उद्या कुणाचा तरी इंटरव्ह्यू आहे.